फुंकणारा

तिबो त्याचं नाव. बर्डीवरच्या चहावाल्यानं
पहिल्याच दिवशी टिंबू करून टाकलं.
"काहून टिंबूभाऊ, साखर कमी का?"
आणि हा वळून बघायचा,
जन्मापासून टिंबू असल्यासारखा.

आठ वर्षांत अकरा नाटकं. अकराही वेळा साहेब.
कलेक्टर, कर्नल, एकदा रेल्वेचा इंजिनिअर.
दरवेळी इंग्रज.
"पण मी इंग्रज नाही," तो सांगायचा,
आणि पफ हातात धरून बिसनजी म्हणायचे,
"गोरा हायेस ना बे? मान वर कर."

मी विंगेत, स्टुलावर, मांडीवर वही.
दिवसा भूमापन कचेरीत, रात्री याचा प्रॉम्प्टर.
त्यांच्याकडं प्रॉम्प्टरला म्हणतात फुंकणारा.
शब्द सांगायचा नाही म्हणे, फुंकायचा.
मग मीही शिकलो,
दुधावरची साय न मोडता फुंकतात तसं.

ळ काही त्याला आला नाही.
उन्हाला, म्हणायचा. मोकला. जवल.
शेहेचाळीस डिग्रीत कूलरसमोर उघडा बसून
ओल्या ताट्यांचा वास घेत "वाला, वाला" घोकायचा.
जीभ टाळूपर्यंत जायची
आणि दार न वाजवताच परत यायची.
शेवटी मीच त्याच्या संवादांतले ळ वेचून काढू लागलो.
"वेळ झाली"चं "आता निघा".
"सगळे"चं "सर्व".
नाटककाराला अजून पत्ता नाही.

गोकुळपेठेतल्या खोलीत तो लिहायचा,
विजेच्या बिलांच्या कोऱ्या पाठींवर, त्याच्या भाषेत.
रविवारी फोनवर आईला वाचून दाखवायचा.
कशावर लिहितोस, मी विचारलं.
"एका माणसावर. परदेशात जाऊन तो इंग्रज होतो."

मार्चमधला प्रयोग. दुपारी फोन आलेला,
त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.
तिसऱ्या अंकात थांबला.
मी फुंकलं. परत फुंकलं.
समोर कुणीतरी खोकलं.
मग वहीत माझ्या नजरेतून सुटलेलं ते एकच वाक्य
तो बोलला:
"माझ्या जवळ कोणी नाही."

जवळ.
अख्ख्या सभागृहात ते फक्त मला ऐकू आलं.
नंतर सायकल स्टँडवर मी म्हणालो, ळ आला तुला.
"कुठं?" म्हणाला. म्हणून बघितलं.
जवल.

यंदा बारावं नाटक. साहेब पोर्तुगीज आहे.
"प्रगती," तो म्हणाला,
आणि पोह्यांवर आणखी तर्री मागितली.