रकाना क्रमांक नऊ

पंचायत समितीकडून नमुना आलाय,
उद्या दुपारपर्यंत भरून द्यायचा.
रकाना नऊ: ग्रंथालयामुळे विद्यार्थ्यांच्या गुणवत्तेत झालेली वाढ,
टक्क्यांत.

माझं मूळ पद प्रयोगशाळा परिचर.
धारूरच्या घाटाखालच्या या प्रशालेत
प्रयोगशाळा नव्हतीच. एक चंबू होता, त्यालाही तडा.
म्हणून मला कपाट दिलं.

कपाटाला कुलूप होतं.
आधीच्या गुरुजींनी चावी करगोट्याला बांधून
बिनडागाची सेवा पूर्ण केली:
एक पुस्तक हरवलं नाही, एक उघडलं नाही.
वाचली ती वाळवीनं,
पहिल्या पानापासून, शिस्तीत.

हाश्मी मॅडम बदलून आल्या
तेव्हा त्यांनी चावी नाही मागितली,
मैदानातला दगड मागितला.
कडी तुटल्यावर पदराला हात पुसत म्हणाल्या,
"हरवतील त्यांची भरपाई माझ्या पगारातून.
तुम्ही वाटायला लागा."

लागलो.

पान अकरा बघा. दैवशाला कांदे, सातवी ब.
विजेच्या मोटारीवरचं एकच पुस्तक, चौदा वेळा.
चौदाव्या वेळी मी विचारलं, "कामून गं, पाठ करायलीस का?"
"नाही सर, सहावं चित्र चुकलंय."
मला काय कळतंय. आयटीआयच्या पोराला दाखवलं,
तो पेन्सिल कानावर ठेवून बराच वेळ गप्प बसला.
चुकलं होतं.
त्या वर्षी तिला विज्ञानात अठ्ठेचाळीस मिळाले.
मागच्या वर्षीही अठ्ठेचाळीसच होते.
हे टक्क्यांत कसं बसवू?

पान सतरा. मोबीन अत्तार.
सहावीत होता आणि वाचता येत नव्हतं.
खालच्या खणातली मोठ्या अक्षरांची पुस्तकं न्यायचा,
म्हणायचा, "धाकट्या बहिणीला पाहिजेत."
त्याला बहीण नव्हती, अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.
मी नोंद करत गेलो: बहिणीसाठी.
दिवाळीपर्यंत बहिणीला काना-मात्रा कळायला लागल्या,
संक्रांतीला ती जोडाक्षरं फोडायला लागली,
आणि होळीच्या आदल्या दिवशी मोबीननं
भूगोलाचा धडा उभं राहून वाचला,
'ज्वालामुखी'पाशी थांबला,
थुंकी गिळली,
पुढे गेला.

दसऱ्यानंतर आमच्याकडं पटावर नावं राहतात,
लेकरं ट्रॅक्टरमध्ये बसून कारखान्याला जातात.
अश्रुबानं एकदम तीन मागितली.
नियम एका पुस्तकाचा, सात दिवसांचा.
मी 'सात दिवस' खोडून 'पट्टा पडेपर्यंत' लिहिलं
आणि खाली सही केली, कुणाचा दोष ते कळावं म्हणून.
एप्रिलात दोन परत आली,
पानापानात पाचटाची कुसळं, कव्हरला गुळमट वास.
"तिसरं?"
"कोपीवर राहिलं सर. शेजारच्या फडातल्या एका पोरीचं
अर्धंच झालतं. तिच्याकडून कसं घ्यावं?"
अश्रुबा आठवीत बसला. वर्गाच्या मागे नाही पडला.
त्या पोरीचं नाव त्याला ठाऊक नाही,
माझ्या नोंदवहीलाही नाही.

रकाना दहा: हरवलेली पुस्तके, कारणासह.
सदतीस.

तालुक्याच्या लिपिकाला फोन केला.
"बारा टक्के टाका हो, सगळे बाराच टाकतात."

संध्याकाळ झालीय. दारात नववीची दोघं उभी आहेत,
बंद झालं का विचारतात.
मी मानेनंच नाही म्हणतो.
मग रकाना नऊमध्ये, चांगल्या अक्षरात, लिहितो:
पाहा रकाना दहा.

साहेबांनी खुलासा मागितला तर मागू देत.
हाश्मी मॅडम निवृत्त झाल्या,
भरपाई त्यांनी तीन हप्त्यांत भरली, पावत्या आहेत.
तो दगडही आहे.
डेडस्टॉकला त्याची नोंद नाही.
पंख्यानं पानं उडतात,
म्हणून नोंदवहीवर ठेवतो.