द्राक्षकाडीचा कोळसा

ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बांधावर पडलेल्या काड्या
सायकलच्या कॅरियरला बांधून मी तासगावात आणतो.
सावर्ड्याचा बागवाला हसतो,
"पेंटर, चूल तर मोडलीसा की तुम्ही!"

साल सोलायची. वीत-वीत तुकडे करायचे.
तेलाच्या जुन्या डब्यात उभे, दाटून भरायचे,
झाकणाच्या फटीला चिखल लिंपायचा
आणि धुराला वाट म्हणून खिळ्याचं एकच भोक.
धूर निळा पडून विरला की विस्तव ओढायचा.
रात्रभर डबा उघडायचा नाही.
पोरांना हेच सगळ्यात अवघड जातं.

रविवारी सातजण येतात,
पडवीत गोणपाटावर बसतात.
थॉमसनची काडी मऊ उतरते, सोनाकाची करकरते,
हे अल्फिया मुजावरनं शोधून काढलं.
मला ठाऊक नव्हतं.

खोडरबर नाही. पाव.
शिळ्या पावाचा गर मळून गोळी करायची,
काळ्यावर टेकवायची, उचलायची,
घासायचं नाही.
पहिल्या दिवशी दिग्विजय गोळ्या खाऊन बसला;
घरी गेला तेव्हा दात काळे,
आणि त्याची आई भांडायला आली ती
तासभर वेलीची पानं काढत बसली.

तीस वर्षं मी ऑइलपेंटनं पाट्या लिहिल्या:
बेदाण्याची शेडं, पतसंस्था, ट्रॅक्टरची कपाळं.
विट्याच्या रस्त्याला एका भिंतीवर पुरुषभर अक्षरांत
'शितगृह' लिहिलं. वेलांटी चुकली.
मालकानं दोनशे रुपये कापले, मी वरून पांढरा मारला.
आजही एप्रिलच्या उन्हात
ती ऱ्हस्व वेलांटी फुगून वर येते.
फ्लेक्स आले, माझं काम गेलं,
ती तेवढी राहिली.

तसल्या रंगात हात घडला माझा.
संदेश आठ वर्षांचा असताना
त्याची रेघ वाकली म्हणून
ब्रशच्या दांड्यानं बोटांवर मारलं होतं.
एकदाच, असं मी म्हणतो.
त्याची आई होती तोवर ती आकडा दुरुस्त करायची.
तो आता चाकणला असतो. सही करतो तीही इतकी बारीक,
की कागदाला लागू नये.

गेल्या रविवारी अल्फिया शेळी काढत होती.
मागचा पाय चुकला. तिनं पाव टेकवला.
पुन्हा काढला, पुन्हा टेकवला. तिसऱ्यांदा जमला,
पण आधीचे दोन पाय काही पुरते गेले नाहीत,
राखाडी होऊन मागंच उभे राहिले.
माझ्या तोंडात जुनं वाक्य आलं,
जिभेवर आलं, दातापर्यंत आलं.
ती कागद लांब धरून म्हणाली,
"काका, चालाय लागली की ही!"
सगळे उठून बघायला आले.
खरंच, चालत होती.
मी चष्मा पुसला. काचेवर काळं लागलं,
आणि दिवसभर मला सगळ्यांच्याच कडेला
एक एक सावली दिसत राहिली.

संध्याकाळी संदेशचा फोन.
पाऊसपाणी, गुडघा, गॅसची टाकी.
मग जरा थांबून,
"अण्णा, मे महिन्यात ओवीला पाठवू का तिकडं?
भिंती रंगवते सगळ्या. ऐकत नाही."
फोनवर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला होता.
त्यानं काही विचारलं नव्हतं, मला काही सांगायचं होतं,
डबा अजून तापलेला होता.

"पाठव," म्हटलं.
"आणि येताना पाव आणू नको.
इथं शिळा मिळतो."