शुद्धिपत्र

मिनेसोटातल्या त्या गावाला समुद्र नव्हता.
गहू होता, वारा होता,
आणि पाळक ओस्मुंड त्वेइते यांनी
शेवटचे अकरा मैल घसरगाडीवरून ओढत आणलेलं
एक जुनं छापयंत्र.
दांडा ओढला की म्हातारं खोकल्यासारखं वाजायचं.

खिळे जुळवायची माझी पणजी, गुनहिल्ड.
उलटी अक्षरं ती सुलट्यांहून भरभर वाचायची;
सासूचं पत्रसुद्धा म्हणे आरशात धरायची.

ब्याण्णवच्या हिवाळ्यात शाई गोठली.
गीतपुस्तक, पान दोनशे चौदा, तिसरं कडवं:
‘तुझ्या नावात आम्ही विसावू.’
बोटं बधिर. एक खिळा चुकला.
त्यांच्या नॉर्वेजियनमध्ये नाव आणि बंदर
यांत एकाच अक्षराचं अंतर.
‘तुझ्या बंदरात आम्ही विसावू’
असं दोन हजार वेळा छापून गेलं.
व्याकरण जरा लंगडलं, एवढंच.

मंडळाची बैठक बसली. शुद्धिपत्र छापलं.
चिकटवायला खळ शिजली.
तोवर रविवार उजाडला होता.
मागच्या बाकांवरचे कोळी,
वीस वर्षं नांगराशिवाय काही न धरलेले,
त्या ओळीपाशी आले आणि थांबले.
ऑर्गन पुढे गेला. ते तिथेच.

मग मारित ब्योर्गोचं पत्र आलं:
‘चूक राहू द्या. माझा नवरा तिथे आहे.’

शुद्धिपत्रांवर पणजीने आठवडाभर चूल पेटवली.
मंडळाला सांगितलं, टपालात टाकली.

दुसरी आवृत्ती एका पदवीधराने सुधारली.
लोक पुस्तकात ‘नाव’ बघायचे
आणि तोंडाने ‘बंदर’ म्हणायचे.

पुढे युद्ध आलं. परक्या भाषेतली प्रार्थनाही
शेजाऱ्यांना संशयास्पद वाटू लागली.
पुस्तकं इंग्रजीत निघाली.
भाषांतर करणारा सरळ माणूस;
त्याने ‘नाव’च घेतलं.

एकसष्ट साली कुलूप लागलं.
पाटी शहरातल्या मोठ्या प्रकाशनाकडे गेली,
शिसं वजनावर.
आजोबांनी एक गोणी घेतली:
तिरकी रेघ मारलेले ‘ओ’,
जे आता कुठल्याच छापखान्याला नको होते.
वितळवून त्यांनी गळाची वजनं ओतली.

अजून जानेवारीत आम्ही तळ्यावर जातो,
बर्फाला भोक पाडतो, दोरी सोडतो.
दोरी जात राहते, जात राहते, मग सैल पडते.
आजोबा तेव्हा टोपी काढायचे,
एवढ्या थंडीत,
आणि म्हणायचे:
लागलं.