सारंगधरमामाची झोळी

आठव्या वर्षी घर सोडलं मामानं
आणि एकतिसाव्या वर्षी मठ.
मधल्या तेवीस वर्षांचं विचारलं
तर म्हणायचा, "चालत होतो."

परतूरला आला तो भर उन्हात.
आईच्या दारात उभा राहून
सवयीनं भिक्षाच मागितली त्यानं.
"मेल्या, ताट वाढलंय, आत ये," ती म्हणाली.
तरी पुढची दोन घरं करून मगच आला.

स्वतःच्या लग्नाच्या पंगतीत
जिलेबी, वांग्याची भाजी, भात, मठ्ठा
सगळं एकत्र कालवलं.
"जिभेचे लाड करू नयेत," म्हणत
तीनदा वाढून घेतलं.
मामी हे सांगताना अजून हवेत मठ्ठा ओतते.

खाटेला ढेकूण झाले. मारायचे तर नाहीत.
रात्रभर बॅटरी धरून एकेकाला
काडेपेटीत घातलं,
पहाटे लांब, रज्जाकभाईच्या वखारीत सोडलं.
चौथ्या दिवशी रज्जाकभाई काडेपेटी घेऊन दारात:
"मामा, आपके मेहमान."

मठ सुटला, निरूपण नाही सुटलं.
बँकेच्या रांगेत देह कसा नाशिवंत, हे सुरू केलं
की लोक त्याला पुढं जाऊ द्यायचे.
तेव्हापासून गल्लीतली सगळी पासबुकं
मामाच्या झोळीत.

फोनवर हॅलो नाही, कायम "दंडवत प्रणाम."
कर्ज घ्या म्हणणारी एक पोरगी
पाऊण तास ऐकत बसली
आणि शेवटी म्हणे तीच रडली.
(हे मामा सांगतो. मामी म्हणते, रेंज गेली होती.)

मठ का सोडला, याचं उत्तर
ज्याला त्याला वेगळं.
गुडघे दुखायचे. गुरूशी पटेना. चहाची तलफ.
मला एकदा म्हणाला,
"घनसावंगीकडं एका दारात
बाईनं झोळीत भाकर टाकली
आन् इचारलं, लई गरम हाय, हात भाजला का?
तेवीस वर्षात कुनी इचारलं नव्हतं."

मी गप्प. तोही गप्प.
आतून मामी:
"ती बाई म्या नव्हते, बरं का!
मला मागून विचारू नको."

झोळी अजून खुंटीला आहे.
मामी तीत लसूण ठेवते.
मामा येता-जाता तिच्यापुढं हात जोडतो,
आणि मामी कुणी आलं-गेलं की सांगते,
लसणाला जोडतो.