मध्यम अंदाज

हनोईत, अकराव्या मजल्यावर,
दिएप तक्त्यात साल टाकते: दोन हजार पन्नास.
आकडे निमूट उजवीकडे सरकतात,
वीज, सिमेंट, कोळसा,
आणि अगदी कडेच्या रकान्यात धूर, टनांमध्ये.

तीन रेघा. कमी, मध्यम, जास्त.
साहेब नेहमी मधली उचलतात.
गेली नऊ वर्षं देश
वरच्या रेघेच्याही वरून चाललाय.

थाय बिनहून आईचा फोन:
"एसी बसवला गं. काल रात्री
तुझे बाबा कितीतरी दिवसांनी सलग झोपले."

दिएप गप्प.
हा एसी तिने मागेच मोजलाय,
ग्रामीण घरं, ओळ चौऱ्याऐंशी,
शेकडा बावीस.
त्याचा धूरही मांडून झालाय.
बाबांची झोप तेवढी
कुठल्या रकान्यात घालायची
ते कुणी शिकवलं नव्हतं.

"बिल फार येईल का गं?"
"छे, कसलं फार," ती म्हणते.
इतका कच्चा अंदाज
तिने आजवर कुणाला दिला नव्हता.

फोन ठेवून
बावीसचे सव्वीस करते.

लाल नदीपलीकडे एक क्रेन सावकाश वळते.
खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं
तर काळं.
कुठल्या सालचं, ते कळत नाही.