पाव आटा

जुनं मशीन रात्री अकरानंतर
पिठाच्या गिरणीसारखं चालू व्हायचं.
उलव्यात अजून न उभ्या राहिलेल्या टॉवरांच्या
बाल्कन्या, नारळ, पोहण्याचा तलाव
मी त्याच्यात ओतायचे
आणि ते सकाळपर्यंत दळत बसायचं.
आई कानावर उशी घ्यायची.
भिंतीपलीकडून खुटवडकाका दोनदा ठोकायचे.
कोपरखैरण्यात सिडकोच्या भिंतीला
एवढीच भाषा येते.
भाऊ तेवढे गाढ झोपायचे.

एकतीस वर्षं पावणे एमआयडीसीत फिटर,
त्यातली बावीस कॉम्प्रेसरच्या खोलीत.
कान तिथंच राहिले.
ग्रॅच्युइटीच्या कागदावर त्यांचा रकाना नव्हता.

मी ओरडून सांगितलं, नवं मशीन बांधतेय,
पाण्यानं गार होणारं, आवाज न करणारं.
त्यांना 'पाणी' ऐकू गेलं
आणि ते चष्मा शोधायला उठले.

रेडिएटर. पंप. काचेची टाकी.
बशीएवढे तीन पंखे, सावकाश फिरणारे.
मऊ नळी, बारा जोड.
भाऊंनी एक जोड नखानं खरवडला.
"आत तांबं आणि हे अ‍ॅल्युमिनियम?
ही सोयरीक टिकायची नाही.
वर्षभरात एक दुसऱ्याला खाऊन टाकील."
जोड परत पाठवले.
पितळेचे यायला नऊ दिवस लागले,
तोवर मी गिरणीवरच दळलं.

पान्याकडे हात नेला तर मनगटावर चापट.
"हातानं बसेल तेवढं बसव. मग पाव आटा.
अर्धा दिलास की वायसर चिरतो,
वायसर चिरला की रात्री दोनला माणूस बोलवायला येतो."
कुठल्या रात्री, ते सांगितलं नाही.
त्यांच्या डाव्या कोपराखालची कातडी गुळगुळीत आहे,
केस नसलेली.
तेही आमच्याकडे कुणी विचारत नाही.

घणसोलीच्या बॅटरीवाल्याकडून
डिस्टिल्ड पाण्याचे दोन कॅन.
तो म्हणाला, रंग टाका ताई, जांभळा, उठून दिसेल.
भाऊ म्हणाले, रंग गळती शोधायला टाकतात.

मग चोवीस तास.
बोर्डाला वीज नाही, फक्त पंपाला,
पॉवर सप्लायला एका पेपरक्लिपनं फसवून.
प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर.
भाऊंनी खुर्ची ओढून घेतली,
तुरीच्या डाळीची आमटीसुद्धा तिथंच खाल्ली.
कॅबिनेट तिरकं केलं तेव्हा
ढेकर आल्यासारखा एक मोठा बुडबुडा टाकीत आला.
"आता पोट साफ झालं," ते म्हणाले.
दर तासाला टिश्यू उचलून ओठांना लावायचे.
बोटांना ओल कळत नाही, ओठांना कळते.
पहाटे चारला एक ओला निघाला.
माझ्या पोटात गोळा.
त्यांनी वास घेतला.
चहा होता.

पहिल्या रात्री रेंडर लावलं
आणि काहीच झालं नाही.
म्हणजे टक्के वाढत होते, पण खोलीत काही नव्हतं.
आई झोपेतून उठून म्हणाली, "बंद पडलं का गं?"
फ्रिज ऐकू आला. मीटरचा डबा.
खुटवडकाकांचा खोकला, ओला, लांबलेला;
तो कधीपासून होता कुणास ठाऊक,
आम्ही इतकी वर्षं त्यावर दळत होतो.

भाऊंनी कपाटावरून जुना स्क्रूड्रायव्हर काढला,
लाकडी मुठीचा.
टोक पंपावर टेकवलं,
मूठ कानामागच्या हाडाला,
डोळे मिटले.
बेअरिंग असंच ऐकायचे म्हणे,
शंभर मशिनांच्या गोंगाटात एकच.

बराच वेळ.

"चालतोय," ते म्हणाले.
हळू म्हणाले.
मी लहान असल्यापासून ते घरात ओरडतच बोलतात,
हा आवाज मला माहीत नव्हता.

मला काहीच ऐकू येत नव्हतं.
मी हात पुढे केला, मूठ मागितली.
डोळे न उघडता
त्यांनी तळवा दाखवला:
थांब जरा.