बाद मत

रविवारी सकाळी आम्ही पाच जण
शाळेच्या स्वयंपाकघरात मतं मोजायला बसलो.
ग्रामसभेच्या खोलीचं छप्पर दुरुस्तीला काढलेलं,
म्हणून मतपेटी पावाच्या परातीशेजारी.
खिडकी अर्धी बर्फाने भरलेली,
अर्धीतून आल्प्स, नेहमीसारखे बेफिकीर.

प्रश्न एका ओळीचा होता:
रेडिओ-टीव्हीसाठी घरोघरी घेतली जाणारी रक्कम
कमी करावी का?
चौकटीत लिहायचं, हो किंवा नाही.
सहा आठवडे या ओळीने
गावात कुणाला धड जेवू दिलं नाही.

सुतार तुमाश चीझच्या दुकानात म्हणाला होता,
"टीव्ही विकला त्याला सात वर्षं झाली.
न जेवलेल्या पंगतीचं बिल मी का भरू?"
खोटं नव्हतं ते.
सेराइना हॉटेलातल्या चादरी बदलते, दोन मुलं आहेत,
तीही भरते तेवढंच, जेवढं हॉटेलचा मालक
आपल्या चौदा खोल्यांच्या घरासाठी भरतो.

जिएरी मास्तर खवळले.
"रोमान्श बोलणारे आपण उरलो किती?
सगळे मिळून एका स्टेडियमात मावू.
जाहिरातवाला येणार आहे का
आपल्या भाषेत बातम्या सांगायला?
तिकडे झ्युरिकमध्ये कुणी पैसे भरतं
म्हणून इथे कुणीतरी रोज सकाळी
आपल्या शब्दांत 'उजाडलं' म्हणतं."
"उजाडलेलं मला खिडकीतून दिसतं," तुमाश म्हणाला.
सगळे हसले. मास्तरही, जरा उशिरा.

मी कुठल्या बाजूचा?
मोजणाऱ्याने सांगू नये.
लिफाफा दोनदा उघडला, दोनदा चिकटवला, एवढं सांगतो.
वडील गेले त्या आठवड्यात
आमच्या घरात फक्त रेडिओ बोलत होता.
आणि त्याच रेडिओने आमच्या गावाचं नाव
वीस वर्षं चुकीचं उच्चारलं.
हे दोन्ही एका चौकटीत कसं लिहायचं?

तर, मोजणी.
डावीकडे हो, उजवीकडे नाही,
मध्ये कॉफी.
ढीग कधी हा उंच, कधी तो,
आणि मग मास्तरांच्या हातात एक कागद अडला.
चौकटीत, चौकटीबाहेर, कडेकडेने
शिसपेन्सिलीने दाबून लिहिलेलं:

रस्ता बंद आहे का ते सांगणारी मुलगी फार घाईत बोलते.
तिला सांगा, माझं दूध उतू जातं, मी धावत येईपर्यंत
ती पुढच्या खोऱ्यात पोचलेली असते.
जरा हळू. पैसे मी भरते.

अक्षर पाचही जणांना ओळखीचं.
हेच अक्षर आमच्या फडताळांतल्या
प्लमच्या मुरंब्याच्या बरण्यांवर आहे.
वरच्या कुरणाजवळचं शेवटचं घर,
हिमलोट आला की आठवडा-आठवडा तुटणारं,
अँटेनाला काटा बांधलेला रेडिओ.
नाव कुणी घेतलं नाही.

"पैसे भरते म्हणते, म्हणजे हे 'नाही'च," मास्तर म्हणाले.
"तक्रार आहे, म्हणजे 'हो'," तुमाश म्हणाला,
पण त्याचं त्यालाच पटलेलं दिसलं नाही.
कागद त्याने पुन्हा वाचला,
ओठ हलवत, लहान मुलासारखा.

नियमाचं पुस्तक काढलं.
हो नाही, नाही नाही. बाद.
फोनवरून आकडे कळवले,
आणि आमचं गाव देशाच्या बेरजेत
मिठाच्या खड्यासारखं विरघळलं.
बाद मतांच्या पाकिटावर मी लिहिलं: एक.
सील केलं.

त्याआधी मात्र तो मजकूर
पावाच्या पावतीमागे उतरवून घेतला होता.
नियमात बसतं का, ते पुस्तकात पाहिलं नाही.
रेडिओचा पत्ता मास्तरांना तोंडपाठ होता.
पाकिटाचं तिकीट तुमाशने खिशातून काढलं,
जिभेला लावून चिकटवलं.
"एवढे मी भरतो," म्हणाला.
दारात बूट चढवताना पुन्हा म्हणाला,
"एवढेच."